होम थिएटरच्या केबल घरी बनवताना

केबल स्वतः बनवायची ती मुख्यतः लांबीसाठी. तयार केबल ठरावीक मापांत मिळते. सबवूफर (खोल बासचा स्पीकर) ठेवायला योग्य कोपरा सापडतो तेव्हा तीन मीटरची केबल हातभर कमी पडते आणि पाच मीटरची घेतली तर उरलेलं वेटोळं कपाटामागे धूळ खात पडतं. दुसरा फायदा म्हणजे आपण जोडलेला प्लग आपल्याला उघडता येतो. वर्षभराने तार सुटली तर पाच मिनिटांत दुरुस्ती होते, केबल फेकावी लागत नाही. आवाज ‘खुलेल’ किंवा चित्र ‘जिवंत’ होईल अशा आशेने मात्र हे काम हाती घेऊ नका. चांगली केबल सिग्नलमध्ये स्वतःचं काही घालत नाही, एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते आणि ती घरच्या टेबलावर सहज पूर्ण होते.

काय बनवायचं आणि काय नाही

एचडीएमआय केबल बनवण्याच्या फंदात पडू नका. तिच्या प्लगमध्ये १९ पिना असतात. आतल्या पीळ दिलेल्या जोड्यांचा इम्पीडन्स (बदलत्या सिग्नलला होणारा विरोध) शेवटपर्यंत सारखा राहावा लागतो, आणि नव्या अल्ट्रा हाय स्पीड वर्गातल्या केबलला सेकंदाला ४८ गिगाबिटपर्यंत माहिती वाहून न्यायची असते. हाताने सोल्डर केलेल्या सांध्याचं ते काम नाही. ऑप्टिकल केबलही तयारच घ्या. अँप्लिफायरची पॉवर कॉर्ड बनवू नका. तिथे चूक झाली तर आवाज बिघडत नाही, माणसाला शॉक बसतो.

उरलं ते सगळं नवशिक्याच्या आवाक्यातलं आहे: स्पीकरच्या वायरी, सबवूफरची केबल, स्टिरिओसाठी आरसीए प्लगांची (मधे पिन, भोवती धातूचं कडं) जोडी, डिजिटल ऑडिओची कोअॅक्शियल केबल (मधे तार, भोवती धातूची जाळी), आणि जुना डीव्हीडी प्लेयर किंवा प्रोजेक्टर वापरात असेल तर कंपोनंट व्हिडिओच्या (चित्राचा सिग्नल तीन भागांत नेणाऱ्या) तीन केबल. सुरुवात स्पीकरच्या वायरींनी करा. त्यात सोल्डरिंग लागत नाही.

आधी दोरी, मग वायर

टेपने भिंतीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजून भागत नाही. वायर स्कर्टिंगवरून, दाराच्या चौकटीला वळसा घालून, कपाटाच्या मागून जाते. म्हणून खऱ्या वाटेने दोरी टाका, ती मोजा आणि दोन्ही टोकांना ३०-४० सेंटिमीटर जास्त धरा. रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अँप्लिफायरचा डबा) पुढे ओढून त्याच्या मागे हात घालता आला पाहिजे.

डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या वायरी सारख्याच लांबीच्या हव्यात असा एक समज आहे. त्याची गरज नाही. तारेतून सिग्नल एक मीटर जायला साधारण पाच नॅनोसेकंद घेतो, तर हवेतून आवाजाला तेवढंच अंतर कापायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. खुर्ची जरा सरकली तरी वायरीतल्या फरकाच्या हजारो पट फरक पडतो. दोन्हींची जाडी मात्र सारखी ठेवा.

जाडी किती, हे वायरीच्या रोधावर ठरतं. सिग्नल जातो आणि परत येतो, त्यामुळे १० मीटर अंतरासाठी २० मीटर तांबं धरायचं. १.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत हा रोध सुमारे ०.२७ ओहम होतो, २.५ मध्ये ०.१६ आणि ४ मध्ये ०.१०. वायरीचा रोध स्पीकरच्या इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा, हा सोपा नियम. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला १.५ ची वायर १५ मीटरपर्यंत आणि २.५ ची २५ मीटरपर्यंत चालते. स्पीकर ४ ओहमचा असेल तर ही अंतरं निम्मी करा. बहुतेक खोल्यांत २.५ ची वायर पुरून उरते. बोटाएवढ्या जाड वायरी दिसायला भारदस्त असतात, पण टर्मिनलमध्ये शिरता शिरत नाहीत.

वायर घेताना ती खरोखर तांब्याची आहे का ते बघा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम अशी स्वस्त वायर सगळीकडे मिळते. एक तंतू ब्लेडने खरवडा. आत पांढुरका धातू दिसला तर ते अॅल्युमिनियम. त्याचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो, आणि पुन्हा पुन्हा वाकवलं की तंतू तुटतात. (कथिलाचा मुलामा दिलेलं तांबं वरून पांढरं आणि आतून लाल असतं, ते उत्तम.)

स्पीकरच्या वायरी

दोन पदरी वायरीचा एक पदर ओळखता येण्यासारखा असतो: लाल असतो, त्यावर रेघ असते किंवा कड उठावाची असते. तो कायम प्लसला लावायचा असं ठरवून टाका. टोकाशी दोन्ही पदर ५-६ सेंटिमीटर वेगळे करा. वायर स्ट्रिपरने १०-१२ मिलिमीटर इन्सुलेशन काढा. स्ट्रिपरचं भोक लहान पडलं तर इन्सुलेशनबरोबर तंतूही कापले जातात. चारपाच तंतू गळून पडले तर ते टोक छाटून पुन्हा सोला.

तंतूंना त्यांच्या मूळ पिळाच्या दिशेने घट्ट पीळ द्या आणि स्क्रूच्या बनाना प्लगमध्ये (स्पीकरच्या टर्मिनलमध्ये खोचायचा प्लग) घाला. इथे अनेकांना टोकावर सोल्डर चढवायचा मोह होतो, कारण टोक नीटनेटकं दिसतं. पण स्क्रूखाली दाबलेलं सोल्डर हळूहळू पसरतं आणि सांधा ढिला होतो. उघडं तांबंच स्क्रूखाली धरा, पक्कं आवळा, वायर जोराने ओढून बघा आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा थोडा आवळा.

प्लगच्या बाहेर एकही सुटा तंतू डोकावता कामा नये. शेजारच्या टर्मिनलला तो टेकला की शॉर्ट होतो आणि अँप्लिफायरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात. म्हणून जोडणी करताना रिसीव्हर बंद, प्लगही भिंतीतून काढलेला. आणखी एक गोष्ट: बनाना प्लगची जाडी ४ मिलिमीटर असते आणि भिंतीतल्या काही प्रकारच्या सॉकेटमध्ये तो आरामात शिरतो. घरात लहान मुलं असतील तर एका टोकाला प्लग लावलेली वायर सुटी पडू देऊ नका.

सोल्डरिंगचा हात बसवणं

आरसीए प्लगसाठी सोल्डरिंग येणं भाग आहे. २५ ते ४० वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरेसं. तापमान ठरवता येत असेल तर ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. सोल्डर रोझिन फ्लक्स (धातू साफ करून सोल्डर धरायला मदत करणारी राळ) असलेलं, एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक. ६०/४० किंवा ६३/३७ हे कथिल-शिशाचं मिश्रण १८३ अंशांपासून वितळू लागतं, त्यामुळे नवशिक्या हाताला ते सोपं जातं. त्यात शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स जवळही आणू नका, तो तांबं कुरतडत राहतो. याशिवाय मल्टिमीटर, धारदार ब्लेड, हीट-श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळली जाणारी) आणि प्लग धरून ठेवायला लहान शिकंजा एवढंच लागतं.

उष्णता सांध्याला द्यायची, सोल्डरला नाही. सगळं कसब या एका वाक्यात आहे. आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर किंचित सोल्डर लावा, मग ते तार आणि प्लगचा पत्रा या दोघांनाही एकाच वेळी टेकवा. दोन सेकंदांनी दुसऱ्या बाजूने सोल्डर लावा. सांधा तापला असेल तर ते पाण्यासारखं पसरतं. आयर्न काढल्यावर सांधा गार होईपर्यंत तार हलवायची नाही. चकचकीत, कडांना पातळ होत गेलेला सांधा चांगला. मळकट, दाणेदार किंवा थेंबासारखा गोळा झालेला सांधा कच्चा. कच्चा सांधा पहिल्या दिवशी चालतोही, आणि मग नेमका सिनेमाच्या मध्यात सबवूफर मुका होतो. प्लगला हात लावण्याआधी उरलेल्या तारांचे दहाबारा सांधे करून बघा.

सबवूफरची केबल

हे काम सावकाश करा, कारण पुढच्या सगळ्या केबल याच रीतीने बनतात.

केबल आरजी-५९ जातीची, पण तांब्याच्या दाट जाळीची निवडा. डिश अँटेनासाठी मिळणाऱ्या बऱ्याच केबलची जाळी अॅल्युमिनियमची असते आणि तिला नेहमीचं सोल्डर धरत नाही. तुम्ही आयर्न तापवत राहता, आतलं प्लास्टिक वितळतं आणि जाळी तशीच कोरडी. घेण्याआधी टोक सोलून जाळीचा रंग बघा. प्लग घेताना त्याच्या मागच्या भोकातून तुमची केबल जाते का तेही पाहा. आरजी-५९ सुमारे ६ मिलिमीटर जाड असते आणि साध्या प्लगांची भोकं अनेकदा त्याहून लहान असतात.

१. प्लगचं बाहेरचं टोपण, स्प्रिंग असेल तर ती, आणि हीट-श्रिंकचा तुकडा केबलमध्ये आधीच ओवून ठेवा, योग्य दिशेने. दुसऱ्या टोकाचं टोपणही लक्षात ठेवून त्या बाजूने ओवा.

२. टोकापासून साधारण १५ मिलिमीटरवर बाहेरच्या आवरणाला ब्लेडने गोल चीर द्या. आरपार कापू नका. चीर देऊन केबल वाकवली की आवरण तिथेच फाटतं आणि जाळीला धक्का लागत नाही.

३. जाळी टोकदार वस्तूने उकला, सगळे तंतू एका बाजूला घेऊन त्यांचा एकच पीळ करा. खाली फॉइल असेल तर आवरणाच्या कडेशी कापून टाका.

४. मधल्या तारेवरचं पांढरं प्लास्टिक ५-६ मिलिमीटर काढा. त्याच्या मागे नऊदहा मिलिमीटर प्लास्टिक शिल्लक राहिलं पाहिजे. जाळी आणि मधली तार यांना तेच वेगळं ठेवतं.

५. मधली तार आणि जाळीचा पीळ, दोन्हींवर सोल्डरचा पातळ थर चढवा. प्लगच्या मधल्या पिनेच्या खळग्यातही थोडं घाला.

६. आधी मधली तार पिनेला जोडा, गार होऊ द्या, मग जाळी बाहेरच्या पत्र्याला. पत्रा उष्णता खातो म्हणून इथे जास्त वेळ लागतो, पण रेंगाळू नका. पॉलिथिलीन शंभराहून थोड्याच जास्त अंशांना मऊ पडतं, आणि मऊ प्लास्टिकमधून मधली तार सरकून जाळीला भिडते. फोमचं प्लास्टिक तर आणखी लवकर दगा देतं.

७. भिंगातून किंवा फोनच्या कॅमेऱ्याने सांधे तपासा. मग प्लगच्या पत्र्याचे पंजे केबलच्या बाहेरच्या आवरणावर पकडीने दाबा. ओढ या पंजांनी सोसायची, सांध्यांनी नाही. पण इतकंही आवळू नका की आतलं प्लास्टिक चेपेल.

८. मल्टिमीटर लावा, सगळं ठीक असेल तर हीट-श्रिंक चढवून गरम करा आणि टोपण फिरवा.

कोअॅक्शियल केबलमध्ये जाळी हाच परतीचा मार्ग असतो, म्हणून ती दोन्ही टोकांना जोडायची. काही जण मायक्रोफोनची दोन तारा आणि जाळी असलेली केबल वापरतात. तेव्हा एक तार सिग्नलला, दुसरी परतीला, आणि जाळी फक्त एका टोकाला, रिसीव्हरच्या बाजूला, जोडतात. अशा केबलवर बाण काढून ठेवावा लागतो. तो बाण जाळी कुठे जोडली आहे एवढंच सांगतो, सिग्नलच्या दिशेशी त्याचा संबंध नाही, विक्रेता काहीही सांगो. माझा कल सरळ कोअॅक्शियलकडे आहे. ती वापरताना दोन्ही टोकं सारखी असतात आणि डोक्याला ताप नसतो.

लांब केबलने उंच स्वर दबतात का? हिशोब करा. १५ मीटर आरजी-५९ ची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) सुमारे १ नॅनोफॅरड. रिसीव्हरच्या आउटपुटचा रोध १ किलोओहम धरला तरी सिग्नल ३ डेसिबलने उतरतो तो १५९ किलोहर्ट्झला. माणसाचा कान २० किलोहर्ट्झपर्यंत, आणि सबवूफरचं काम तर शेदीडशे हर्ट्झच्या खालीच असतं. निश्चिंत राहा.

स्टिरिओची जोडी म्हणजे अशाच दोन केबल, पांढरा प्लग डावीकडे, लाल उजवीकडे.

डिजिटल ऑडिओ आणि कंपोनंट व्हिडिओ

इथे एक अट वाढते: केबल ७५ ओहमची हवी. इम्पीडन्स जुळला नाही तर सिग्नलचा काही भाग टोकावरून मागे परततो. चित्रात कडांशी सावली दिसते, डिजिटल आवाज तुटू शकतो. आरजी-५९ आणि आरजी-६ दोन्ही ७५ ओहमच्या. आरजी-५८ दिसायला अगदी तशीच, पण ५० ओहमची, रेडिओच्या कामाची. आवरणावरची छापील अक्षरं वाचूनच घ्या.

डिजिटल ऑडिओला अशी एक केबल लागते, बनवायची रीत वरचीच. कंपोनंट व्हिडिओला तीन: हिरवा प्लग उजेडाच्या सिग्नलचा, निळा आणि लाल रंगाच्या सिग्नलांचे. तिन्ही एकाच केबलमधून, एकाच लांबीच्या कापा. पिवळा प्लग कंपोझिट व्हिडिओचा. तो हिरव्याच्या जागी खोचला तर चित्राचे रंग उडालेले दिसतील.

सोल्डरिंग नको असेल किंवा हाताशी अॅल्युमिनियम जाळीची केबलच असेल, तर कॉम्प्रेशनचे आरसीए प्लग घ्या. त्यांना दोन पायऱ्यांचा स्ट्रिपर आणि दाबायचं हत्यार लागतं. स्ट्रिपर एका फेरीत सुमारे ६ मिलिमीटर मधली तार उघडी करतो आणि तेवढीच जाळी. जाळी आवरणावर उलटी दुमडा, पांढरं प्लास्टिक प्लगच्या आतल्या कडेशी सपाट येईपर्यंत केबल ढकला आणि हत्याराने एकदाच पूर्ण दाबा. प्लग केबलच्या जातीचाच हवा. आरजी-६ चा प्लग आरजी-५९ वर सैल बसतो. चारपाच केबल बनवायच्या असतील तर हत्याराचा खर्च वसूल होतो, एकच हवी असेल तर सोल्डर बरं.

तपासणी

मल्टिमीटर बीपवर ठेवा. एका टोकाची पिन ते दुसऱ्या टोकाची पिन: बीप. कडं ते कडं: बीप. पिन ते कडं: शांतता. शेवटची तपासणी चालू असतानाच दोन्ही प्लगांशी केबल वाकवा, हलवा. क्षणभर जरी बीप आला तरी तो प्लग उघडा. स्पीकरच्या वायरीही अशाच तपासा, पण दोन्ही टोकं मोकळी असताना. एक टोक स्पीकरला जोडलेलं असेल तर मीटर त्याची कॉइल मोजतो आणि शॉर्ट असल्यासारखं दाखवतो.

स्पीकर उलटा जोडला गेल्याची शंका असेल तर १.५ व्होल्टचा सेल घ्या. वायर रिसीव्हरपासून काढून तिच्या प्लसला सेलचा प्लस आणि मायनसला मायनस क्षणभर टेकवा. वूफरचा कोन बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर पदर बदला. उलट जोडलेल्या स्पीकरमुळे काही तुटत नाही, पण दोन स्पीकर एकमेकांचा बास खातात आणि संवाद पडद्यावरून यायच्या ऐवजी खोलीभर विखुरतात.

गुणगुण आली तर

सबवूफरमधून सतत घुमणारा आवाज आला की पहिला संशय नव्या केबलवर जातो. ती दोषी आहे का हे ठरवायची सोपी रीत आहे. केबल सबवूफरला जोडलेली ठेवा, रिसीव्हरकडचं टोक काढा. ते टोक नुसतं लोंबकळत ठेवलं तर गुणगुण येणारच, त्यावरून निष्कर्ष काढू नका. सबवूफरचा आवाज अगदी कमी करा आणि त्या प्लगची पिन व कडं तारेच्या तुकड्याने एकमेकांना जोडा. आता शांतता असेल तर केबल निर्दोष आहे. रिसीव्हरला जोडल्यावरच गुणगुण येत असेल तर तो ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगच्या जोडण्यांतून फिरणारा नको असलेला प्रवाह. रिसीव्हर आणि सबवूफर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरीही गेली नाही तर टीव्हीच्या अँटेनाची किंवा सेट-टॉप बॉक्सची केबल काढून बघा. बाहेरून येणारी ही केबलच बऱ्याचदा कारण असते, आणि तिच्यावर आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन विजेची थेट जोडणी तोडणारा) बसवून काम भागतं. पॉवर प्लगची अर्थिंगची पिन कापून किंवा काढून गुणगुण घालवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी आहे.

टाकताना

सिग्नलच्या केबल विजेच्या वायरीशेजारून लांबवर नेऊ नका. फूटभर अंतर ठेवा आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा. आरजी-६ ला सात सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका. केबल टाय करकचून आवळण्याऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापरा, कारण महिन्याभरात तुम्ही काहीतरी हलवणारच. भिंतीच्या आतून न्यायची असेल तर त्यासाठीच बनवलेली, आग सहज न पकडणारी केबल घ्या.

प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नाव घाला: ‘सब’, ‘मागचा डावा’, ‘मधला’. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून ती पारदर्शक हीट-श्रिंकखाली बसवली तर पुसली जात नाही, आणि ही नळीसुद्धा प्लग जोडण्याआधीच ओवावी लागते.